ॲबी संडरलँडचं प्रकरण : वय चुकलं की महिना चुकला?

१० जून २०१० ला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, साधारण ४१ अंश दक्षिण अक्षांशावर, एका लाटेनं ४० फुटी शिडाची बोट पूर्ण उलटी करून परत सरळ केली. बोटीचं नाव 'वाइल्ड आइज', आत एकटी ॲबी संडरलँड, अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाची, वय १६. बोट सरळ झाली पण डोलकाठी गेली, तिथं दोनेक इंचाचा खुंट उरला, शिडं अन् दोरखंडं पाण्यात. त्याच्या थोडं आधी ती सॅटेलाइट फोनवर आपल्या टीमशी बोलत होती, फोन कट झाला, अन् साधारण तासाभरात दोन इमर्जन्सी बीकन, म्हणजे संकटाचा सिग्नल सोडणारी यंत्रं, चालू झाले. दोन दिवसांनी, १२ जूनला, एका फ्रेंच मासेमारी जहाजानं तिला उचललं. बोट तिथंच सोडून द्यावी लागली.

आता हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस-तुरीच्या गावात, ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत कुठून आलं? तर आमच्या गावातल्या एका पोराला मर्चंट नेव्हीत जायचंय. बारावी सायन्स, नजर चांगली, गणित बरं. समुद्र त्यानं अजून पाह्यला नाही, पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. त्याच्या बापानं कुठंतरी मोबाइलवर या पोरीची क्लिप पाहिली अन् रविवारी थेट अभ्यासिकेत आले, म्हणाले, "सर, पोट्टी सोळा वर्षाची, अन् मायबापानं एकटीले समुद्रात सोडली? आमी पोराले पूर असला तं पुलावरून जाऊ देत नाही. तुमी म्हनता याले जहाजावर पाठवा." मी म्हटलं भाऊ, पुढच्या रविवारी या, हेच प्रकरण घेऊ, नीट तारखेनिशी घेऊ. खालचं सगळं त्या दिवशी जे झालं त्यावरून लिहिलंय, थोडं सावरून.

आधी तारखा, कारण या केसमध्ये सगळं तारखांतच आहे.

ॲबी २३ जानेवारी २०१० ला कॅलिफोर्नियातून निघाली. बेत होता कुठंही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला फेरी मारायची, अन् हे करणारी सगळ्यात लहान व्यक्ती व्हायचं. पण सोलर अन् वाऱ्याच्या पंख्यावर बोटीला पुरेशी वीज होईना, म्हणून मेक्सिकोत काबो सान लुकासला थांबली अन् ६ फेब्रुवारीला तिथून पुन्हा नव्यानं सुरुवात केली. ३१ मार्चला केप हॉर्न पार, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं टोक, जिथं भलेभले घाबरतात. हे एवढं तिनं सोळाव्या वर्षी एकटीनं केलंय हे आधी मान्य करा, मग पुढची टीका. त्यानंतर ऑटोपायलटनं त्रास दिला. एकट्या माणसाची बोट ऑटोपायलटच चालवतो, माणूस वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेतो, उठतो, बघतो, परत झोपतो. तो बंद पडला की चोवीस तास सुकाणू धरून बसा, अन् ते कुणालाच जमत नाही. म्हणून ५ मे ला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ती बंदरात आली, अन् 'न थांबता' हा भाग तिथंच संपला.

बरं, त्याच काळात ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन, हीपण सोळाचीच, एकटीनं न थांबता पृथ्वीफेरी करून १५ मे २०१० ला सिडनीत परत पोचली, सतरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. म्हणजे ॲबी केपटाउनला ऑटोपायलट दुरुस्त करत बसलेली असताना तिकडं दुसरीचं स्वागत चालू होतं. अन् २१ मे ला ॲबी केपटाउनहून निघाली, पूर्वेकडं, हिंदी महासागरात.

फळ्यावर या तारखा लिहिल्यावर मी पोरांना विचारलं, दक्षिण गोलार्धात मे-जून म्हणजे कोणता ऋतू? सगळे गप्प, मग मागून एक मुलगी बोलली, हिवाळा. बरोबर. अन् तिथला हिवाळा म्हणजे आपल्यासारखी शेकोटी अन् हुरडा नाही.

लाट मोठी व्हायला तीन गोष्टी लागतात: वाऱ्याचा जोर, तो किती तास टिकला, अन् किती लांबीच्या पाण्यावरून तो वाहत आला. आपल्या अरुणावती धरणावर वैशाखातली वावधान आली तरी पाणी फार तर गुडघाभर उसळतं, कारण काठ जवळ आहे, लाटेला वाढायला जागाच नाही. ४० अंशांच्या खाली दक्षिणेला नकाशा बघा, दक्षिण अमेरिकेचं शेपूट, टास्मानिया, न्यूझीलंडचा तुकडा अन् काही बारकी बेटं सोडली तर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीनच नाही. वारा पश्चिमेकडून येतो अन् पृथ्वीभोवती फिरतच राहतो, हिवाळ्यात कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात, पहिल्याच्या लाटा बसायच्या आत दुसरा हजर, अन् दोन दिशांच्या लाटा एकमेकींवर चढल्या की मधेच एखादी भलतीच उंच उभी राहते. अन् हवामानवाले लाटेची जी उंची सांगतात ती साधारण सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एकटी लाट त्याच्या दुप्पटही निघू शकते. उत्तर समुद्रात १ जानेवारी १९९५ ला ड्राउप्नर नावाच्या गॅस प्लॅटफॉर्मवर २५.६ मीटरची लाट यंत्रानं मोजली, तेव्हा बाकीच्या समुद्राचा हिशोब होता १२ मीटरच्या आसपास.

पण नुसत्या उंच लाटेनं बोट उलटत नाही, हे पोरांना पटायला वेळ लागला. उंच पण लांबलचक लाट असली की बोट तिच्यावर चढते अन् उतरते, पोटात कालवतं, बाकी काही नाही. घात करते ती फुटणारी लाट, अन् तीही बाजूनं आली तर. इंग्लंडजवळ १९७९ साली फास्टनेट नावाच्या शर्यतीत वादळ शिरलं, ३०३ बोटी होत्या, २४ सोडून द्याव्या लागल्या, १५ स्पर्धक गेले. त्यानंतर साउदॅम्प्टन युनिव्हर्सिटीत टाकीत छोट्या बोटींवर लाटा सोडून बघितल्या. निघालं असं की फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या तीस टक्के उंच असली अन् बोट आडवी सापडली तर काही बोटी उलट्या होण्याइतक्या कलंडतात, अन् साठ टक्क्यांच्या आसपास गेली की जवळपास कुठलीच वाचत नाही. ॲबीची बोट ४० फूट. तीस टक्के म्हणजे १२ फूट, साठ टक्के म्हणजे २४. त्या दिवशीच्या बातम्यांत लाटा वीस-पंचवीस फुटांच्या, अन् त्याआधी वारा ६० नॉटपर्यंत गेलेला, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. हिशोब करा. इथं कौशल्य, धाडस, वय यांना फार जागाच उरत नाही.

पण मग तिथं ती त्या महिन्यात होतीच काऊन, हा खरा प्रश्न.

तिला लोकांनी धुतलं. एवढ्या लहान पोरीला सोडलंच कसं, आईबापाला अक्कल आहे का वगैरे. तिनं सुटकेनंतर आपल्या ब्लॉगवर उत्तर दिलं, त्याचा आशय असा की प्रचंड लाटा अन् वादळं वयामुळं कधीपासून यायला लागली? मला हे उत्तर आवडलं. पण माझ्या मते ते अर्धंच बरोबर आहे. वयानं लाट आणली नाही, वयाच्या विक्रमानं महिना आणला. ॲबीचा जन्म १९ ऑक्टोबर १९९३ चा, म्हणजे ऑक्टोबर २०१० च्या मध्यानंतर ती जेसिकापेक्षा लहान उरत नव्हती. केपटाउनला थांबून दक्षिणेकडचा उन्हाळा येऊ द्यायचा, नोव्हेंबर-डिसेंबरात निघायचं, म्हणजे 'सगळ्यात लहान' हा शब्द गेला. तिच्या मनात काय होतं ते राहू द्या, नुसतं कॅलेंडर बघा, २१ मे ला निघालं तरच ते गणित जुळतं. जानेवारीत निघतानाच उशीर झालेला होता, त्यात मेक्सिकोत अन् केपटाउनला आणखी दिवस गेले, अन् हा सगळा उशीर जाऊन साचला तो बरोबर हिंदी महासागराच्या हिवाळ्यात. जेसिका ऑक्टोबरात निघालेली, तिला केप हॉर्न जानेवारीत लागलं, दक्षिणेचा कडक हिवाळा सुरू व्हायच्या आत घरी.

हे सांगितल्यावर पोराचा बाप बराच वेळ फळ्याकडं बघत बसला, मग म्हणाला, "म्हंजे बियाणं चांगलं, जमीन चांगली, पन पेरलं कवा तं पोळ्याले." मी पुढं काही समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

बोटीचाही थोडा भाग आहे. 'वाइल्ड आइज' शर्यतीची बोट, हलकी, वेगवान, सतत लक्ष मागणारी, वीज जास्त खाणारी. जेसिकाची बोट ३४ फुटी, जुन्या आखणीची, हळू पण दणकट. मला विचाराल तर एकट्या माणसाला हळू बोट बरी, पण यावर शिडाच्या बोटीवाल्यांत कायम भांडणं असतात, आपण कापसाच्या वाणावर भांडतो तशीच, म्हणून इथंच सोडतो.

एका मुलीनं मधेच विचारलं, "सर, पोरगा असता तं मायबापाले इतकं बोल्ले असते का?" चांगला प्रश्न. ॲबीचा सख्खा भाऊ झॅक, त्यानं २००९ च्या जुलैत १७ व्या वर्षी एकट्यानं पृथ्वीफेरी पूर्ण केली होती, तेव्हा एवढा आरडाओरडा झाला नव्हता. पण तो थांबत थांबत, पश्चिमेच्या दिशेनं, पनामा कालव्यातून गेला, केप हॉर्नच्या वाटेला गेलाच नाही. घर एकच, मायबाप तेच, रस्ता वेगळा.

अन् नेदरलँड्सची लॉरा डेकर तर त्याहून लहान. तिला तेराव्या वर्षीच निघायचं होतं, प्रकरण कोर्टात गेलं, बालसंरक्षणवाल्यांची देखरेख लागली, ती जुलै २०१० मध्ये उठली. ऑगस्टमध्ये निघाली, पण बंदरा-बंदरात थांबत, चक्रीवादळांचा मोसम टाळत, केप हॉर्नऐवजी पनामातून, अन् २१ जानेवारी २०१२ ला सोळाव्या वर्षी पोचली. डच लोकांनी वयावरून एवढं रान उठवलं, अन् तिघींमध्ये कॅलेंडर सगळ्यात शांतपणे पाळलं ते तिनं. गंमत आहे खरी.

आता उलट्या बाजूनं बघा. वय हेच कारण असतं तर अभिलाष टॉमीला काही व्हायला नको होतं. भारतीय नौदलाचा कमांडर, पायलट, २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' बोटीवर एकट्यानं न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीफेरी करणारा पहिला भारतीय. २०१८ साली गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीफेरी करायच्या शर्यतीत उतरला तेव्हा ३९ वर्षांचा. बोट 'थुरिया', ३२ फुटी, गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ ला, तोच दक्षिण हिंदी महासागर, वारा ७० नॉट म्हणजे ताशी १३० किलोमीटर, लाटा १४ मीटरपर्यंत. बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, उठताही येईना, पडल्या पडल्या मेसेज टाइप करत होता. आयर्लंडचा ग्रेगर मॅकगुकिन जवळपास होता, त्याचीही डोलकाठी त्याच वादळात गेली. शर्यत १ जुलैला फ्रान्सहून सुटलेली, म्हणजे बोटी दक्षिणेला पोचल्या त्या हिवाळ्याच्या शेवटाला. पुढच्या खेपेला, २०२२ ला, आयोजकांनी सुटायची तारीख ४ सप्टेंबर केली, बोटी तिथं उशिरा पोचाव्यात म्हणून. टॉमी कण्यात टायटॅनियमचे रॉड घेऊन परत उतरला अन् एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला, पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर.

सुटका कशी झाली ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पोरांना हाच भाग सगळ्यात आवडला. ॲबीकडं एकापेक्षा जास्त बीकन होते. हा छोटा ट्रान्समीटर असतो, ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो, सॅटेलाइट तो पकडतात, बीकन आधी नोंदवलेला असल्यामुळं जमिनीवरच्या केंद्राला लगेच कळतं की कुणाची बोट, फोन कुणाला लावायचा. तिचे जे दोन चालू झाले ते हातानं चालू करायचे होते. बोटीवरचा मुख्य बीकन असा होता की बोट बुडून साधारण १५ फूट खोल गेली की पाण्याच्या दाबानं आपोआप सुरू व्हावा, अन् तो गप्प होता. म्हणजे घरी बसलेल्या बापानं, टीमनं काय ओळखायचं? बोट तरंगतेय, अन् पोरीच्या हाताला बटण दाबायची शुद्ध आहे. आमच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा पोराचा बाप पहिल्यांदा पुढं सरकून बसला.

जागा अशी की जवळच्या मोठ्या बंदरापासून हजारो किलोमीटर, हेलिकॉप्टर जायचा प्रश्नच नाही. ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा यंत्रणेनं पर्थहून क्वांटास कंपनीचं एअरबस ए-३३० भाड्यानं घेतलं, प्रवासी नाहीत, खिडक्यांशी नजर ठेवणारी माणसं, अन् ते प्रवासी विमान लाटांमध्ये एक बोट शोधत फिरलं. सापडली. रेडिओवर ती बोललीसुद्धा, मी ठीक आहे म्हणून. मग 'इल द ला रेयुनियाँ' हे फ्रेंच मासेमारी जहाज आपलं काम सोडून तिकडं वळलं, अन् तिला घेताना समुद्र इतका खवळलेला की त्या जहाजाचा कॅप्टनच पाण्यात पडला, त्यालाही ओढून काढावं लागलं. पोरीच्या नावानं बातम्या झाल्या, त्या कॅप्टनचं कुणी नाव घेत नाही. तिथून केर्गुएलेन बेटं, मग 'ओसिरिस' नावाच्या फ्रेंच गस्ती जहाजानं रेयुनियाँ बेट, दोन्ही हिंदी महासागरातली फ्रान्सची. अन् हेच 'ओसिरिस' २४ सप्टेंबर २०१८ ला टॉमीला उचलायला गेलं. एवढ्या मोठ्या समुद्रात मदतीला येणारी जहाजं किती मोजकी, ते यावरून कळतं. खर्च कुणी द्यायचा यावर तेव्हा ऑस्ट्रेलियात वाद झाला, पण समुद्रात वाचवायचं असलं की आधी बिल विचारायचं नाही हाच आंतरराष्ट्रीय रिवाज आहे अन् तो तसाच असलेला बरा. बोट मात्र आठ वर्षं एकटीच वाहत राहिली, २०१८ च्या शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटाजवळ उलटी, शिंपल्यांनी भरलेली सापडली.

राहिला आमच्या पोराचा प्रश्न. तो काही ४० फुटी बोटीत एकटा जाणार नाही. दोनशे मीटरच्या जहाजावर वीस-पंचवीस माणसांसोबत जाईल, अन् वरचा साठ टक्क्यांचा हिशोब तिथं लागू नाही, तेवढी लाट समुद्रात येतच नाही. पण मोठं जहाज बुडतच नाही असं बापाला सांगून मोकळं होणं मला पटलं नाही. 'एल फारो' २४१ मीटरचं अमेरिकन मालवाहू जहाज, १ ऑक्टोबर २०१५ ला होआकिन चक्रीवादळात बुडालं, ३३ च्या ३३ गेले. जहाज कललं, आत पाणी शिरलं, कलल्यामुळं इंजिनाच्या तेलाच्या पंपाला तेल मिळेना, इंजिन बंद, अन् इंजिन बंद म्हणजे जहाज लाटांना आडवं. चौकशीत निघालं की कॅप्टन हवामानाची जुनी माहिती बघून मार्ग ठरवत होता. म्हणजे इथंही तेच, लाटेच्या आधी काहीतरी चुकलेलं, वेळेचं.

अन् लांब कशाला, १७ मे २०२१, तौक्ते वादळ, मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज, म्हणजे सपाट बुडाचा मोठा तराफाच, त्यावर २६१ माणसं. वादळाचा इशारा दिवसांआधी आलेला. नांगर तुटले, बार्ज वाहत गेला, बुडाला, सत्तराहून जास्त लोक गेले. नौदलानं रात्रभर माणसं काढली म्हणून बाकीचे तरी वाचले.

बापानं विचारलं, "मंग पोरानं तिथं इचारायचं काय?" मी म्हटलं, कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, पहिल्या दिवशी विचारायला नसतो, शिकायला असतो. एक वर्षाचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) कोर्स, मग अठरा महिने जहाजावर, त्यात वादळाआधी काय काय बांधायचं, हॅचची, म्हणजे माल ठेवायच्या तोंडांची, झाकणं कशी आवळायची, कोणते दरवाजे बंद ठेवायचे हेच हातानं करायचंय, अन् ते काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळायचं नाही. दुसरं म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमात लिहिलंय की जिवाच्या सुरक्षेसाठी कॅप्टनला योग्य वाटेल तो निर्णय घेण्यापासून मालक अडवू शकत नाही. कागदावर आहे. प्रत्यक्षात बंदराची तारीख, भाडं, उशिराचा दंड यांचं ओझं कॅप्टनच्या डोक्यावर असतंच, म्हणून कोर्सनंतर कंपनी निवडायची वेळ आली की पगाराआधी तिथं आधी नोकरी केलेल्या दोन-चार पोरांना गाठा, वादळ टाळायला जहाज वळवलं तर कंपनी काय म्हणते ते विचारा.

बाप म्हणाला, हे कोनी सांगत नाही, कॉलेजवाले फक्त पगार सांगतात. मग पोराकडं वळून म्हणाला, "ऐकलं ना बे? पगार मागून." पोरगं म्हणे, "बाबा, आधी आयएमयूची, त्या मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी तं निघू द्या."